डेकचा दाणा

"अशी नको, गोल घास. गोल."

हे तिनं स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं आणि ब्रश पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवला. वाक्य तिचं नव्हतंच, कप्तानाचं होतं. लग्न झाल्यापासून ऐकत आली होती, त्यामुळे आता कप्तान समोर नसला तरी ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं.

कप्तान म्हणजे तिचा नवरा. दहा-बारा माणसं आणि दोन सायकली मावतील एवढी त्याची फायबरची बोट. या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायची, तिकडून इकडे आणायची, एवढाच त्याचा प्रवास. एवढ्याशा बोटीला कसला आलाय कप्तान, पण धक्क्यावरच्या कुणीतरी थट्टेनं ते नाव दिलं आणि गड्याला ते असं काही फिट्ट बसलं की पुढे घरचेही तेच म्हणायला लागले. ओघानंच ती कप्तानीण झाली. नळावर बायका हसत म्हणायच्या, "कप्तानीणबाई आल्या, वाट द्या." तीही घागर उचलून ऐटीत पुढे जायची.

आता ती त्याच बोटीच्या डेकवर गुडघे टेकून बसली होती. वर्षभर बोट धक्क्याला नुसती बांधून ठेवलेली. वरून टाकलेली ताडपत्री मधोमध फाटली होती आणि त्या भोकातून पावसापाण्यानं, पाखरांनी, झाडाच्या पानांनी आपापला हात मारून घेतला होता. शेवाळ वाळून काळं झालेलं. एका कोपऱ्यात खिळ्यांचा डबा गंजून त्याचा तांबडा गोल उमटलेला. बादलीतलं पाणी कितीदा बदललं तरी मेलं काळंच.

फायबरच्या बोटीचा डेक फरशीसारखा गुळगुळीत नसतो. पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक दाणा असतो, जाडं मीठ पसरून ठेवावं तसा. हा दाणा पाय धरून ठेवतो, पण मळही तितकाच घट्ट धरून ठेवतो. सरळ रेषेत ब्रश मारला की दाण्याची डोकी तेवढी पांढरी होतात आणि घाण खाली खळग्यात बसून राहते. म्हणून ब्रश गोल फिरवायचा. हातभर जागा घ्यायची, साबणाचं पाणी ओतून जरा मुरू द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही, घासायचं, धुवायचं, मग पुढची हातभर जागा. कोपऱ्यात जुना दात घासायचा ब्रश. गंजाला लिंबू. आणि काहीही झालं तरी तारेची घासणी नाही.

घासणीच्या आठवणीपाशी तिचा हात दर वेळी थबकायचा.

सुकाणूच्या चाकाजवळचा भाग तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथेच एका प्रवाशाचा तेलाचा डबा कलंडला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली. साबणानं तेल निघेना, कप्तान पलीकडे गप्पा मारत उभा. तिनं घरची भांडी घासायची तारेची घासणी आणली आणि जोर लावून डेक लख्ख करून टाकला. आपण केवढं काम केलं म्हणून ती खूश. कप्तान आला, वाकला, त्यानं त्या जागेवरून हात फिरवला.

"भांडं आहे का ते?" तो म्हणाला. "दाणा मारलास त्याचा."

तेव्हा ते तेवढ्यावरच मिटलं होतं. पण दोनेक वर्षांपूर्वी त्यानं नवंच टुमणं लावलं. डेक घसरतोय. आधी चाकाजवळ, मग पुढे दोर बांधायच्या जागी, मग सगळीकडेच. "पायाला पकडच लागत नाही," म्हणायचा. "सगळा दाणा घासून खाल्लास तू." ती म्हणायची, अहो, इतकी माणसं चढतात-उतरतात, कुणी तर घसरत नाही. त्यावर तो म्हणायचा, "ती माणसं बसतात. मी उभा असतो."

उभा तर तो असायचाच, आणि तेही अनवाणी. बोटीवर कुणी चप्पल घालून आलेलं त्याला खपायचं नाही. इंजिनाची नाडी तळपायाला कळते, असं त्याचं म्हणणं. खरंही होतं. चाक धरून उभा असताना बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा, पायाची बोटं जराशी हलवायचा आणि म्हणायचा, "फिल्टर भरलाय." धक्क्याला लागून उघडून बघावं तर भरलेलाच. मेकॅनिक वैतागून म्हणायचा, तुमचे पायच कापून द्या मला, माझा धंदा सुधारेल. ही थट्टा पुढे कुणीच कधी काढली नाही.

मग एका साध्या सकाळी, पाऊस नाही, वारा नाही, दोर बांधायला वळताना त्याचा पाय सरकला आणि अंगठा लोखंडी खुंटीवर आपटला. घरी आला तेव्हा चपलेत रक्त थिजलेलं. म्हणाला, एवढंसं तर लागलंय. चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. साखरेचं दुखणं अंगात होतंच. जखम चिघळली, काळी पडली, आणि शेवटी उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टर बरंच काही सांगत होते, शिरांबद्दल, बधिरपणाबद्दल. तिच्या कानात 'काढावा लागेल' एवढं एकच शिरलं, बाकीचं वरून गेलं. तो बधिरपणा ऑपरेशनच्या सुईचा, असं दोघांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त बघायला येणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगायचा, "डेकला दाणाच उरला नव्हता. हिनं एकदा घासणी मारली ना." लोक तिच्याकडे बघायचे. ती चहा ठेवायला आत जायची. वर्षभर ती अशी आत जात होती. रात्री त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना उजवीकडे हात रिकाम्या गादीवर पडायचा आणि वाटायचं, हे आपण केलं. एका घासणीनं केलं.

आज सकाळी ती निघताना त्यानं तिला हाक मारली होती.

"बोटीला गिऱ्हाईक येईल तेव्हा आधी सांगायचं. चाकाजवळ घसरतं म्हणून. लपवायचं नाही."

"ऐकून घेतली नाही तर बोट?"

"नाही घेतली तर नाही. माझं झालं ते झालं, दुसऱ्याचा पाय जायला नको."

असा माणूस. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हेच तिचं दुखणं होतं.

चाकाजवळची जागा तिनं रबरी बुटांसकट उभं राहून, लांबूनच घासली. वर्षभरात ती अनवाणी त्या डेकवर चढलेली नव्हती. मनाचा धडाच होत नव्हता. पाणी ओतलं, काळा ओघळ बाजूच्या भोकातून खाली गेला, आणि डेक उघडा पडला. पांढरा नव्हे, जुन्या दाताच्या रंगाचा, पण स्वच्छ. गुडघ्यांवर हात टेकून ती बाकावर बसते न बसते तोच धक्क्यावरून हाक आली.

"वहिनी, येऊ का?"

गिऱ्हाईक होतं. भला मोठा माणूस, शर्टाच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या. बरोबर त्याची आई, काठी टेकत आलेली, सुपारीएवढी.

"आईला कशाला दगदग दिलीत, भाऊ?" ती म्हणाली.

"मी कुठे दिली? तीच मागे लागली. म्हणते, भाजीसुद्धा तुला बघून घेता येत नाही, बोट काय घेणार."

"खोटं आहे का?" म्हातारी म्हणाली. "मागच्या आठवड्यात किडकी वांगी आणलीस. धर ही काठी."

आणि काठी लेकाच्या हातात देऊन, चपला धक्क्यावरच काढून, म्हातारी बोटीवर पाय टाकायला निघालीसुद्धा. डेक अजून ओला होता. कप्तानीण घाईघाईनं पुढे झाली.

"आजी, थांबा. भाऊ, आधी एक सांगायचंय. आमच्या ह्यांनी बजावून सांगितलंय. या चाकाजवळ घसरतं. दाणा गेलाय तिथला. माझ्याच हातून गेला, घासणी लागली होती. त्यांचा पाय इथेच..."

गिऱ्हाईकाचा चेहरा उतरला. त्यानं मान वाकडी करून बोट बघितली. म्हातारीनं मात्र तोवर दोन्ही पाय आत टाकले होते. कठड्याला एक हात लावून ती टुकुटुकु चालत चाकापर्यंत गेली, तिथे उभी राहिली, आणि ओल्या डेकवर पाऊल घासून बघितलं, उंबऱ्याशी पाय पुसावेत तसं.

"कुठे घसरतं?"

"तिथेच आजी, तुम्ही उभ्या आहात तिथे. जपून."

"इथे?" म्हातारीनं दुसरं पाऊल घासलं. "अगं, खसखसा लागतंय पायाला. आमच्या न्हाणीत यापेक्षा जास्त घसरतं. मी तिथे भिंत धरून चालते, इथे बघ." तिनं कठड्यावरचा हात सोडला.

"आई, नाटकं नकोत."

"तू ये की. तुझ्या वजनानं तर आधी कळेल."

तो चढला. बोट त्याच्या बाजूला कलली. त्यानंही पाय घासला, मग खाली बसून बोटांनी डेक चाचपला, चाकाजवळचा आणि मग जरा लांबचा, पुन्हा चाकाजवळचा. जुन्या बोटी चालवलेला माणूस होता, हाताला कळत होतं त्याच्या.

"वहिनी, इथे रंग जरा उडालाय वरचा. घासणीचे ओरखडेही दिसतायत. पण दाणा शाबूत आहे. एका घासणीनं कुठे जातोय, मशीन मारायला लागतं त्याला. उलट इतक्या जुन्या बोटीला अशी पकड मी बघितली नाही."

"नीट बघा भाऊ."

"नीटच बघितलं. कोणी सांगितलं तुम्हाला घसरतं म्हणून?"

ती बाकावर बसली आणि बूट ओढून काढले. मोजेही काढले. वर्षभर न लागलेला तो डेक तळव्याला गार लागला. चाकाजवळ, कप्तान उभा राहायचा बरोबर तिथे, ती जाऊन उभी राहिली आणि पाऊल पुढे सरकवून बघितलं. सरकेना. दाणा तळव्याला टोचत होता. तिनं जोर लावला, मुद्दाम घसरायला बघितलं, पाऊल तसूभर हलेना.

आणि मग तिला त्या एका चपलेची गोष्ट आठवली.

अपघाताच्या आदल्या वर्षी कप्तान संध्याकाळी घरी आला होता, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. दारात उभा राहून जेवायला काय आहे विचारत होता. लेक माहेरपणाला आलेली, ती म्हणाली, "बाबा, दुसरी चप्पल पोहत येतेय का?" त्यानं खाली बघितलं आणि खरोखर चकित झाला. वाटेत कुठे निसटली त्याला पत्ताच नव्हता. सगळे पोट धरधरून हसले. सगळ्या आळीत ती गोष्ट झाली. तोही हसला होता, सगळ्यात जास्त.

मग गरम चहा पायावर सांडला तेव्हा तो बोलतच राहिला होता. ती म्हणाली होती, काय बाई सोसणं या माणसाचं. मग इंजिन दोनदा भर पाण्यात बंद पडलं आणि त्याला आधी काहीच कळलं नाही, मेकॅनिकवर मात्र तो खूप उखडला. मग चपलेत थिजलेलं ते रक्त, आणि 'एवढंसं तर लागलंय'.

डेक कधीच घसरत नव्हता. त्याचे पाय त्याला सोडून गेले होते, कापायच्या कितीतरी आधी, एकेक करून, न सांगता. आणि तो बिचारा डेकवर दाणा शोधत होता.

"इंजिन लावून बघू का?" गिऱ्हाईक विचारत होतं. तिनं मान हलवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. डेकमधून एक बारीक थरथर तिच्या तळव्यात शिरली आणि पोटऱ्यांपर्यंत चढली. आयुष्यभर कप्तानाला हे ऐकू यायचं. तिचे डोळे भरून आले, ते म्हातारीनं बघितलं, आणि काही न विचारता ती बाकावर जाऊन बसली.

व्यवहार ठरला. उद्या येऊन नेतो म्हणून मायलेक गेले. तिनं बादली पालथी घातली, ब्रश झटकला, आणि बूट हातात घेऊन घरची वाट धरली. वाटभर तिचं डोकं तापलेलं. वर्षभर. वर्षभर मान खाली घालून चहा केला प्रत्येकाचा. आता घरात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं हेच सांगायचं: माझं काही चुकलं नव्हतं. दाणा जिथल्या तिथे आहे. चार माणसांत सांगत होतात ना, आता चार माणसांत परत सांगा. तिनं वाक्यं जुळवली, त्यातली एक-दोन मोठ्यानं म्हणूनही बघितली. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं.

कप्तान खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून वाटच बघत होता.

"दिली?"

"दिली."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिन लावलं होतं?"

"हो."

"तू डेकवर होतीस?"

"होते."

"बूट काढून?"

"काढून."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. "पायाला काय लागलं? नीट सांग. एकसारखं होतं की मधे मधे धक्का?"

"एकसारखं," ती म्हणाली. "आधी जरा खडबड होती, मग स्थिर झालं. मांजर अंगाला घासून बसतं ना, तसं."

त्यानं डोळे मिटले. चादरीखाली जो पाय उरला होता त्याची बोटं त्यानं हलवली, चाक धरून उभा असताना हलवायचा तशी. कितीतरी वेळ तो तसाच होता. "बरोबर आहे," शेवटी म्हणाला. "गार असताना खडबडते. माझ्या पायाला आत्ताही कळतंय बघ."

जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती. ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. ही वाक्यं बोलली की काय होईल, तिला दिसत होतं. तो आधी हसेल, मग भांडेल, मग रात्री एकटा पडून एकेक खेप आठवेल. भरलेली बोट, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि चाकापाशी उभा असलेला कप्तान, ज्याच्या पायाला काही कळत नाही. आजवर एकाचाही पाय ओला होऊ दिला नाही, हे तो ज्याला त्याला सांगतो. पुन्हा कधी सांगणार नाही.

"आणि सांगितलंस ना त्याला?" त्यानं विचारलं. "घसरतं म्हणून?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

ती उठून पायथ्याशी जाऊन बसली. चादरीचं टोक सारखं केलं.

"म्हणाला, दाणा पार गेलाय. घासणीचे ओरखडेसुद्धा दाखवले मला. नवा मारून घेईन म्हणाला."

"मग?" कप्तान उशीवरून जरा वर सरकला. कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजाला धार आली होती. "मी काय सांगत होतो? लोकांना वाटतं म्हातारा कुरकुरतोय. माणसाच्या पायाला कळत नाही का?"

"कळतं हो."

"जाऊ दे. तू तरी मुद्दाम केलंस का? तेलच एवढं सांडलं होतं." त्यानं हात झटकला. वर्षभरात पहिल्यांदा तो असं काही बोलला होता. "झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत."

तिनं दोन्ही हात चादरीत घातले आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. रोज तळवा तपासायचा, असं नर्सनं सांगून ठेवलेलं. गार होता, पण कुठे काही लागलेलं नव्हतं. ती चेपू लागली. टाचेपासून वर, मग बोटं, मग पुन्हा टाच. दिवसभर ब्रश धरून तिचे हात भरून आले होते, तरी ती चांगला जोर लावून चेपत राहिली. खिडकीबाहेर दिवस कलत होता. कप्तान गिऱ्हाईकाबद्दल विचारत होता, माणूस कसा आहे, अनवाणी चढला की चपलेनं, त्याची आई काय म्हणाली. ती एकेक सांगत होती. किडक्या वांग्यांचं ऐकून तो मोठ्यानं हसला.

मग बोलणं सरलं.

"नुसती बसलीस काय," तो म्हणाला. "पाय तरी चेप जरा."

तिचे हात चादरीखाली क्षणभर थांबले.

"चेपते हो," ती म्हणाली, आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.